पुरातल्या मोटारीचा पुढचा बीम आणि दोन बंद डबे: हे सस्पेन्शन कुठल्या गाडीचं, आणि वाचवायचं कसं? (सांगली)

हरिपूर_रोड

मंडळी, १९५० च्या आधीच्या गाड्यांखाली ज्यांनी हात काळे केलेत त्यांची मदत हवी आहे.

माधवनगर रोडच्या एका भंगाराच्या गोदामात जुनी मोटार तोडायला आली होती. मला कळेपर्यंत बॉडीचा पत्रा आणि इंजिन गेलेलं. पुढचा बीम, त्याच्या दोन्ही टोकांचं सामान आणि गॅस कटरनं कापलेले चासीचे दोन तुकडे एवढंच उरलं होतं. ते सगळं काट्यावर घालून लोखंडाच्या भावानं घरी आणलं. गाडी गावभागातल्या एका वाड्यात उभी असायची, म्हणजे २००५ चा आणि २०१९ चा असे दोन्ही महापूर तिच्या अंगावरून गेलेत. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ ची आहे, त्यावरून अंदाज करा.

आता सामानाबद्दल. बीम सरळ आणि जाड आहे, पण त्यावर पाटे (लीफ स्प्रिंग) बसवायची जागाच नाही. तो थेट चासीला बोल्टनं घट्ट आवळलेला होता. बीमच्या टोकाला किंगपिन, आणि किंगपिनवर एकेक ओतीव डबा. डब्याच्या कुशीतून एक आडवा शाफ्ट बाहेर येतो, त्यावर वीतभर लांबीचा आर्म, आणि आर्मच्या टोकाला चाकाचा हब. दोन्ही आर्म एकाच दिशेला आहेत. टाय रॉड (चाकं वळवणारी दांडी) हबजवळ नाही, डब्याच्या अंगाला लागतो. म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की अख्खा डबा फिरणार! डब्याच्या माथ्यावर एक बूच आहे. उजवीकडचं सैल होतं, ते काढलं तर तपकिरी पाणी आलं, मागून पांढरट चिकट गाळ आला. डावीकडचं हलत नाही.

ही कुठली गाडी? आणि डब्याच्या तोंडाला जे मोठं झाकण आहे ते उघडू का?

जुना_फिटर_मिरज

थांबा. ते झाकण उघडू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, पण आज त्या झाकणाला पाना लावू नका.

त्या डब्यात दाबलेली स्प्रिंग आहे. चाक लोंबतं सोडलं म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं होत नाही. आर्म खालच्या स्टॉपरला टेकतो आणि स्प्रिंग आत अर्धवट दाबलेलीच राहते. झाकणाचे शेवटचे दोन आटे राहिले की ते तोंडावर येतं. आमच्या वस्तादांनी हे काम शिकवताना पहिल्यांदा कुठं उभं राहायचं ते शिकवलं, पाना नंतर हातात दिला.

आणि गॅस लावू नका. डावीकडचं बूच निघत नाही म्हणून कुणी म्हणेल जरा तापवा. आत पाणी असलेला बंद डबा तापवायचा नसतो, आणि स्प्रिंगचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं की ती गेलीच. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं घ्या, बुचाभोवती मातीची पाळ करा आणि त्यात ओतून ठेवा. ॲसिटोन उडतं, तर रोज थोडं घालत जा. विस्तवापासून लांब.

फोटो टाका. मला अंदाज आहे, पण कराडचे साहेब बोलतील ते ऐकू आधी.

कराडचा_मेकॅनिकल

काकांनी सांगितलेलं आधी पाळा, मग हे वाचा.

तुमचं वर्णन वाचून शंका उरत नाही. हे ड्युबोने सस्पेन्शन आहे. आंद्रे ड्युबोने हा फ्रेंच माणूस, घरचा धंदा त्याच नावाच्या पेयाचा. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवली, नंतर हिस्पानो-सुइझा घेऊन १९२४ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरला. त्यानं हे सस्पेन्शन आणलं, आणि जनरल मोटर्सनं त्याचे हक्क घेतले. अमेरिकेत त्यांनी १९३४ च्या मॉडेलांपासून 'नी-ॲक्शन' या नावानं याची जाहिरात केली. पण इथं एक घोटाळा होतो तो लक्षात ठेवा. त्याच वर्षी ब्यूक, कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल यांना उघडी कॉइल आणि वरखाली दोन आर्म अशी वेगळी रचना दिली होती, आणि जाहिरातीत नाव मात्र तेच. बंद डब्याचं ड्युबोने गेलं शेवरोलेटला आणि पाँटियाकला. म्हणून नुसतं 'नी-ॲक्शनचे पार्ट हवेत' असं कुणाला विचारू नका, भलतंच सामान घरी येईल.

रचना डोळ्यांपुढे आणायची तर असं बघा. बीम म्हणजे चौकट, तो जागचा हलत नाही. किंगपिन ही बिजागरी, डबा हे दार, आणि चाक त्या दाराला टांगलेलं. दार फिरतं ते फक्त स्टीअरिंगसाठी. चाकाचं वरखाली होणं सगळं दाराच्या पलीकडे घडतं, म्हणून त्याचा धक्का टाय रॉडपर्यंत पोचतच नाही. पाट्यांच्या गाडीत एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा आस कलतो, दुसरं चाकही वाकडं होतं आणि वेगात स्टीअरिंग थरथरायला लागतं. ड्युबोनेत चाक उभंच्या उभं वरखाली होतं. टाय रॉड डब्याच्या अंगाला का आहे, याचं उत्तर हेच. आणि ओळखीची सगळ्यात पक्की खूणही हीच.

आता गाडी कुठली. जनरल मोटर्सकडे वॉक्सहॉल १९२५ पासून होती आणि ओपेल १९२९ पासून, त्यामुळे ही रचना तिन्ही घरांत गेली. तुमच्यासमोर साधारण एवढे उमेदवार आहेत: शेवरोलेट मास्टर, १९३४ ते १९३८. वॉक्सहॉल, १९३५ च्या लाइट सिक्सपासून थेट १९५१ पर्यंतच्या वायव्हर्न आणि वेलॉक्स. ओपेल ऑलिंपिया आणि युद्धाआधीची काडेट. त्या काडेटवरून रशियात निघालेल्या मॉस्कविच ४०० लाही हेच होतं, पण ती सांगलीत कशाला येईल? फियाटनं १९३५ च्या १५०० ला याच जातीचं सस्पेन्शन दिलं होतं.

माझा कौल शेवरोलेटला. कारण सरळ आहे. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता, १९५४ मध्ये बंद होईपर्यंत. पण कौल म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्या चार गोष्टी बघून सांगा.

ब्रेक कसे आहेत, दांडी-केबलचे की हायड्रॉलिक? बॅकप्लेटमागे (ब्रेक ज्या तबकडीवर बसतात तिच्या मागे) व्हील सिलिंडर आणि पाइपाचं तोंड दिसतंय का?

आटे कुठले? थ्रेड गेज लावा. आट्यांच्या खाचेचा कोन बघा, ५५ अंशाचे निघाले तर ब्रिटिश. ६० अंशाचे आणि इंचातले असतील तर अमेरिकन. ६० अंशाचे पण मिलिमीटरमध्ये बसत असतील तर ओपेलचा विचार करू.

चासीचे तुकडे म्हणताय ते खरोखर वेगळ्या चासीचे आहेत की बॉडीच्याच पत्र्याची घडी आहे? वॉक्सहॉलच्या १९३७ अखेरच्या टेनला वेगळी चासीच नव्हती.

आणि आत कॉइल आहे की पीळ खाणारी दांडी? वॉक्सहॉलनं टेनपासून पुढं दांडी वापरली. बुचाच्या भोकातून बारीक टॉर्च मारून बघा, उघडायची गरज नाही.

हरिपूर_रोड

काका, साहेब, दोघांचे आभार. झाकणाला हात लावलेला नाही.

ब्रेक हायड्रॉलिक. उजव्या बॅकप्लेटला व्हील सिलिंडर जागेवर आहे, पिस्टन गंजून चिकटलेत. डावा सिलिंडर कुणीतरी आधीच काढलाय, पाइपाचं तोंड मात्र आहे.

आटे इंचातले, ६० अंशाचे. तीन वेगळ्या बोल्टांवर गेज लावलं, तिन्हींवर अमेरिकन पान चपखल बसलं.

तुकडे जाड पत्र्याच्या नाळीचे आहेत, रिव्हेट मारलेले. चासीच.

बुचातून टॉर्च मारला. डब्यात आडवी पडलेली जाड तारेची कॉइल दिसते. वरचे वेढे काळे, तेलकट. खालचे वेढे गाळात आहेत.

शिवाय डब्याच्या पाठीवर वायर ब्रश मारला तर रंगाचे थर निघाले: काळा, खाली हिरवा, त्याखाली पुन्हा काळा. तळाशी ओतकामातले उठावाचे आकडे लागले. पहिले दोन झिजलेत. डाव्या आणि उजव्या डब्यावरचे शेवटचे आकडे वेगळे आहेत.

कराडचा_मेकॅनिकल

मग झालं. शेवरोलेट. आणि साल तीन वर्षांत आलं: शेवरोलेटला हायड्रॉलिक ब्रेक १९३६ च्या मॉडेलला आले, आणि १९३९ ला ड्युबोने काढून उघड्या कॉइलची दोन आर्मांची रचना आली. म्हणजे तुमची १९३६ ते १९३८ मधली मास्टर डीलक्स. शेवरोलेटच्या स्वस्त मॉडेलांना त्या काळातही पुढे पाटेच होते, त्यामुळे डीलक्स हेही यातूनच ठरतं. साध्या बीमवरून हे कुणाला कळलं नसतं.

शेवटचे आकडे वेगळे असणं बरोबर आहे, डावा आणि उजवा डबा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आताच दोन्हींवर छिन्नीनं नव्हे, रंगानं खूण करा. छिन्नीचा घाव म्हणजे तड्याला आमंत्रण.

वाईकर_रस्सा

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या ओळखीत एक जुनी अमेरिकन गाडी होती, तिचे हे डबे सारखे गळायचे. शेवटी मालकानं वैतागून पुढं पाट्यांचा आस बसवून घेतला, त्यानंतर गाडी पसरणी घाट निवांत चढायची. हे डबे दिसायला भारी आहेत, पण पार्ट मिळत नाहीत, कारागीर उरले नाहीत. शोकेसमध्ये ठेवा, नाहीतर विकून टाका. यावर खर्च करण्यात काय अर्थ?

जुना_फिटर_मिरज

दादा, राग कसला, त्या काळी सगळ्यांनी तेच केलं. मी स्वतः वस्तादांच्या हाताखाली असे डबे उतरवून पाटे चढवताना पाना धरलाय. गिऱ्हाइकाला गाडी उद्या सकाळी हवी असायची.

पण दोष डब्याला देऊ नका. हा डबा चालतो तेलावर. स्प्रिंग तेलात बुडालेली, आणि शॉकअप वेगळा नाही, तेच तेल आतल्या व्हॉल्व्हमधून ढकललं जातं म्हणून गाडी उसळत नाही. तेल उतरलं की शॉकअप संपला, गाडी पुढून डुलायला लागते, शाफ्टचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती बांगडी) कोरडा पडतो, बुश झिजला की सील खराब होतो, आणि सील गेला की उरलंसुरलं तेल पण जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. कंपनीनं तेल वेळच्या वेळी तपासायला सांगितलेलं होतं. आपल्याकडं बुचाकडं बघायचंच कुणी नाही. त्यातून कोणी बूच उघडलं तर हाताला येईल ते ओतायचे. गिअरचं जाड तेल घातलं की व्हॉल्व्हमधून ते जात नाही, गाडी दगडासारखी कडक होते. आणि ब्रेकचं तेल घातलं तर सीलच खाऊन टाकतं.

त्या वेळी सील चामड्याचे आणि नमद्याचे होते. आज नायट्राइलचा (तेलात टिकणाऱ्या रबराचा) सील गणपती पेठेत मिळतो. म्हणजे ज्या एका कारणासाठी हे डबे बदनाम झाले, ते कारणच आज उरलेलं नाही. म्हणून म्हणतो, आत्ता मोडीत घालू नका. ज्या दिवशी याचं औषध सापडलं त्या दिवशी रोग्याला टाकायचं, हे काही पटत नाही.

पलूसचा_लेथवाला

काकांच्या शब्दाला माझा दुजोरा. आमचं छोटं वर्कशॉप आहे, किर्लोस्करवाडीपासून जवळ. ओतीव सामान, बुश, शाफ्ट हेच रोजचं काम. मला यात न होण्यासारखं काही दिसत नाही, पण क्रम चुकला तर वस्तू जाईल. म्हणून विस्तारानं लिहितो.

किंगपिन काढताना थेट वरून घण घालू नका. बीमच्या डोळ्यात आडवी एक लॉकपिन असते, ती आधी निघाली पाहिजे. ती निमुळती असते, एकाच बाजूनं निघते. उलट बाजूनं ठोकली तर अजून घट्ट बसते. कुठली बाजू बारीक ते गंज घासून डोळ्यांनी बघा. बेअरिंगखालच्या शिम (पातळ चकत्या) ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा, डावीकडच्या वेगळ्या.

गंज काढायला धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करतात. डब्याच्या ओतकामाला चालेल, बीमला चालेल. स्प्रिंगला अजिबात नको. तेजाबातही स्प्रिंग बुडवू नका. दोन्हींत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि स्प्रिंग वरून छान चकाकते पण दाब आला की काचेगत तुटते. स्प्रिंगला डिझेल, ब्रश आणि वेळ, एवढंच द्यायचं.

शाफ्ट बाहेर आला की सील जिथं घासतो तिथं नख फिरवा. नख अडकलं तर नवा सील घालून फायदा नाही, आठवड्यात गळेल. तेवढा पट्टा हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायचा. तो मापात आला की मग सील निवडायचा. लोक आधी सील आणतात आणि मग शाफ्ट त्याला बसवायला बघतात. बुश गनमेटलचा करू, बसवल्यावर रीमर मारून. बुश दाबून बसला की आतलं माप कमी होतं, म्हणून लेथवर फायनल माप काढायचं नसतं.

आर्म, शाफ्ट आणि बीमचे डोळे यांची तड्यांची तपासणी करा. डाय पेनेट्रंटचे (तड्यात रंग शिरवून तडा दाखवणारे) स्प्रे मिरज एमआयडीसीत सहज मिळतात. ते नाही मिळालं तर जुना उपाय: सुटा भाग डिझेलात भिजवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड फासा. तडा असेल तर तेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते. विश्रामबागला वालचंद कॉलेजमध्ये कुणा मेकॅनिकलच्या सरांची ओळख असेल तर मॅग्नेटिक तपासणी कुठं होईल तेही विचारा. चाक ज्या आर्मवर आहे तो आर्म तुटला तर काय होईल हे सांगायला नको.

झाकण उघडायचं ते माझ्याकडं या, इथं प्रेस आहे. काकांना बरोबर आणा.

शाहूपुरी_सातारा

हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. आज लिहायला बसले कारण आमच्या घरी १९३७ ची शेवरोलेट मास्टर डीलक्स आहे, माझ्या आजेसासऱ्यांची. इंजिन चालतं. पण पुढं पाट्यांचा आस आहे, वर वाईकर दादांनी लिहिलाय तसाच, आणि तो कधी बसवला ते घरात कुणाला आठवत नाही. चासीवर मूळ बीमची बोल्टची भोकं रिकामी आहेत, त्यात रंग भरलाय.

गाडीच्या एका जुन्या कागदावर जिल्हा 'दक्षिण सातारा' लिहिलेला आहे. म्हणजे १९४९ ते १९६० च्या मधला कागद, सांगली जिल्ह्याला सांगली हे नाव मिळण्याआधीचा. तेव्हा ही गाडी तुमच्याच भागात होती.

दोन प्रश्न. हे डबे आमच्या चासीला बसतील का? आणि बसले तर आरटीओच्या दृष्टीनं काही अडचण येते का?

कराडचा_मेकॅनिकल

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. ५० वर्षांहून जुनी खासगी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढं दहा वर्षांनी ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यासाठी चालते. तुमचा पाट्यांचा आस हाच मूळ रूपाशी न जुळणारा भाग आहे. डबे परत बसले तर गाडी नियमाच्या जास्त जवळ जाते. फक्त चासीला नवीन भोकं पाडू नका, वेल्डिंग करू नका, आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवा.

पहिल्याचं उत्तर मोजल्याशिवाय देणार नाही. १९३७ ला शेवरोलेटची बॉडी नवी आली, त्यामुळे तुमच्या सालाचा आणि सांगलीच्या बीमचा मेळ बसेलच असं गृहीत धरू नका. पुठ्ठा घ्या, चासीच्या खालून लावा, भोकांवर पेन्सिल घासून छाप घ्या. त्यावर चासीच्या दोन नळ्यांमधलं अंतर आणि पुढची बाजू लिहा. पुठ्ठा सांगलीला पाठवा. फोनवर मापं सांगत बसू नका, भोकाचं केंद्र धरलं की कडा धरली यातच चूक होते.

हरिपूर_रोड

आज सविस्तर लिहितो.

डावीकडचं बूच शेवटी निघालं, मिश्रण घालत राहिल्यावर, हातानं. दोन्ही डबे पलूसला नेले, काका आले होते. प्रेसखाली डबा उभा धरला, झाकणावर दाब घेतला, मग झाकणाचे आटे सोडले आणि प्रेस हळूहळू वर घेत गेलो. स्प्रिंग झाकणाला ढकलत बोटभर वर आली, मग मोकळी झाली. काकांनी सुरुवातीलाच अडवलं नसतं तर काय झालं असतं ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

उजवा डबा. आत वरच्या अर्ध्यात तेलाचा काळा पापुद्रा, आणि त्याखालचं लोखंड आजही निळसर काळं, मशीनिंगच्या रेघांसकट. खालच्या अर्ध्यात पुराचा गाळ. मऊ, बारीक, कृष्णेचा. तो धुतल्यावर स्प्रिंगच्या खालच्या तीन वेढ्यांवर गंजाचे खड्डे निघाले, डाळीच्या दाण्याएवढे. व्हॉल्व्हची पितळी सीट चांगली आहे. शाफ्टवर सीलच्या जागी नख अडकतंय.

डावा डबा उलट निघाला. बूच पक्कं बसलेलं होतं म्हणून पाणी जवळजवळ शिरलंच नाही. आत तेल होतं! थोडं, डांबराच्या रंगाचं, पण तेल. स्प्रिंग स्वच्छ. शाफ्ट स्वच्छ. खडूच्या तपासणीत दोन्ही आर्म आणि बीमचे डोळे नितळ निघाले. डाव्या डब्याच्या झाकणाच्या कडेला मात्र बारीक रेघ उमटली, जिथं कधीतरी कुणी छिन्नीनं ठोकून उघडायचा प्रयत्न केलाय.

प्रश्न असा: उजवी स्प्रिंग वापरू का? खड्डे फक्त तीन वेढ्यांवर आहेत.

पलूसचा_लेथवाला

नको. खड्डा हाच तड्याचा जन्म. आणि एक बदलायची तर दोन्ही बदला, नाहीतर गाडी एका बाजूला झुकेल. डावी स्प्रिंग चांगली आहे ती नमुना म्हणून जपा. तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, वेढे, पिळाची दिशा आणि मोकळी लांबी मोजा. मग प्रेसवर ठेवून ठरावीक अंतर दाबायला किती वजन लागतं ते दोन-तीन ठिकाणी नोंदवा. स्प्रिंगवाल्याला नुसती मापं दिली तर मापाची स्प्रिंग मिळते, जोराची मिळत नाही. ईएन ४७ ची (स्प्रिंगच्या पोलादाची) तार सांगा, शॉट पीनिंग (बारीक छर्‍यांचा मारा) करून घ्या, आणि पूर्ण दाबून बसवून घेतलेली मागा, म्हणजे पुढं उंची उतरत नाही.

झाकणाचा तडा कडेला आहे, आट्यांपर्यंत गेलेला नाही, तरी वेल्डिंगनं भागवू नका. त्या झाकणावर अख्ख्या स्प्रिंगचा जोर येतो. मी घडीव पोलादातून नवं कातून देतो, जुनं माप घ्यायला ठेवतो.

वाईकर_रस्सा

डाव्या डब्यात इतक्या वर्षांनी तेल निघालं हे वाचून थक्क झालो. काकांचं म्हणणं पटलं. आमच्या ओळखीतल्या त्या गाडीचे उतरवलेले डबे मालकाच्या गोठ्यात अजून असतील तर विचारून बघतो. व्हॉल्व्ह किंवा झाकण तरी कामाला येईल.

जुना_फिटर_मिरज

जरूर विचारा दादा. आणि डब्यांच्या जोडीला एक बारीक दांडी असते का ते बघा, एक टोक ब्रेकच्या बॅकप्लेटला आणि एक डब्याला. ब्रेक मारल्यावर बॅकप्लेट फिरू नये म्हणून ती असते. भंगारात सगळ्यात आधी हीच हरवते, कारण ती कशाची आहे हे कुणाला कळत नाही. सांगलीच्या सामानात डावीकडची दिसत नाही.

शाहूपुरी_सातारा

पुठ्ठा एसटी पार्सलनं सांगलीला पाठवलाय. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे छाप आहेत, पुढची बाजू लाल पेन्सिलीनं.

हरिपूर_रोड

पुठ्ठा मिळाला, बीमवर ठेवून बघितला. उजव्या बाजूची सगळी भोकं जुळली. डाव्या बाजूला एक भोक अर्ध्या सुताएवढं सरकलेलं वाटतंय, पण तिथं ताईंच्या चासीत रंगाचा जाड थर आहे असं त्यांनीच लिहिलंय. रंग खरवडून पुन्हा छाप घ्यावा लागेल. बीमच्या बाजूनं भोकं स्वच्छ आहेत, मी कॅलिपरनं तपासली.

माझ्याकडे गाडी नाही आणि ताईंकडे गाडी आहे, त्यामुळे हे सामान कुणाकडे जाणार याचा विचार करायला मला वेळ लागला नाही. भंगाराचा भाव आणि पलूसच्या कामाचा खर्च, एवढंच. स्प्रिंगा ताईंनी स्वतः पसंत करून घ्याव्यात.

शाहूपुरी_सातारा

तुमचे कसे आभार मानू कळत नाही. रंग उद्याच खरवडते. तेल कुठलं घालायचं ते एकदा स्पष्ट लिहाल का? इथला मेकॅनिक गिअर ऑइलच म्हणतो आहे.

जुना_फिटर_मिरज

ताई, त्याला हे दाखवा. शॉकअपचं पातळ तेल, मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये घालतात त्या जातीचं. गिअरचं नाही, इंजिनचं नाही, ब्रेकचं तर नाहीच. डबा गाडीवर चढल्यावर, चाक जमिनीवर असताना भरा. बुचाच्या भोकापर्यंत आलं की थांबा, गाडी पुढून चार-पाच वेळा दाबा म्हणजे आतली हवा निघेल, पातळी उतरेल, पुन्हा भरा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बूच उघडून बघा. शाफ्टच्या बाहेर ओल दिसली तर गाडी चालवू नका, मला फोटो पाठवा.

पाट्यांचा आस उतरवला की तोही टाकू नका, त्याचे यू-बोल्ट आणि ड्रॅग लिंक बांधून ठेवा, डबे बसेपर्यंत गाडी हलवायला लागतील. किंगपिनच्या लॉकपिना आणि शिम मी दोन वेगळ्या डब्यांत भरल्यात, झाकणावर डावी-उजवी लिहिलंय. पार्सलमध्ये त्या बीमबरोबर टाकू नका, कुणीतरी हातानं घेऊन जा.